शाळा, सायकल आणि मार्च महिना: जपानी तरुणाईच्या गाण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी शिकणारी मुलं, ॲनिमे बघणारी मुलं आणि या दोघांचे पालक अशा तिघांकडून हे प्रश्न येत राहतात. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तरुणाईची गाणी म्हणजे शेवटी प्रेमगीतंच ना?

नाही. सिनेमातल्या गाण्यांवर वाढल्यामुळे कोवळा आवाज कानावर पडला की आपण लगेच प्रियकर-प्रेयसी शोधायला लागतो. जपानी गाण्यातला 'तू' मात्र बऱ्याचदा मित्र किंवा मैत्रीण असते, कधी दूर जाणारा वर्ग असतो, तर कधी पंधरा वर्षांनंतरचा स्वतःच. शेवटची मॅच हरणं, गाव सोडून तोक्योला जाणं, सांगायचं राहून गेलेलं काहीतरी, मोठ्यांचा राग असे विषय येतात. प्रेम असतंच, पण तो अनेकांतला एक विषय.

वय साधारण १३ ते १८. तिकडे या सगळ्याला 'सेइशुन'ची, म्हणजे तरुणपणाची गाणी म्हणतात. तो काही संगीताचा स्वतंत्र प्रकार नाही. पॉप, रॉक, पंक, शाळेचं समूहगान, कुठेही ती सापडतात.

२. सुरुवात कशापासून करू? शंभर गाण्यांची यादी नको.

तीन पुरेत.

पहिलं, बम्प ऑफ चिकन या बँडचं २००१ सालचं 'तेन्ताई कान्सोकु'. रात्रीचे दोन वाजलेत, रेल्वे फाटकाशी एक मुलगा दुर्बीण घेऊन उभा आहे. कमरेच्या पट्ट्याला रेडिओ बांधलाय, रेडिओ म्हणतो पाऊस नाही. दोन मिनिटांनी दुसरं कोणीतरी येतं, ते भलंमोठं सामान घेऊन. धूमकेतू बघायचाय. एवढ्या बारीक तपशिलाने सुरू झालेलं गाणं पुढे न दिसणाऱ्या गोष्टीच्या मागे धावण्याचं होतं, पण फाटक आणि रेडिओ मनातून जात नाहीत. हा बँड चिबा प्रांतातल्या साकुरा गावच्या बालमित्रांचा आहे, तेही गाण्यात ऐकू येतं.

दुसरं, युझु या जोडीचं १९९८ चं 'नात्सुइरो'. सायकलच्या मागे ती बसली आहे, लांबलचक उतार आहे आणि हा ब्रेक करकचून दाबून हळूहळू उतरतोय. संपूच नये म्हणून. ही दोघं योकोहामाच्या इसेझाकिचो भागात रस्त्यावर गात मोठी झाली.

तिसरं, द ब्लू हार्ट्सचं 'लिंडा लिंडा'. त्यावर प्रश्न ७ मध्ये.

३. प्रत्येक गाण्यात शाळा कशाला? यांना दुसरं आयुष्यच नाही का?

शाळेबाहेर फारसं नसतंच, खरं सांगायचं तर. तीन वर्षं कनिष्ठ माध्यमिक, तीन वर्षं उच्च माध्यमिक. गणवेश, तास संपल्यावर संध्याकाळपर्यंत क्लब, शनिवारी पुन्हा क्लबचा सराव. बेसबॉल असो की ब्रास बँड, तो क्लब हेच मुलांचं गाव. शिवाय वर्षातून एकदा शाळेचा सांस्कृतिक महोत्सव, वर्गावर्गांची समूहगायन स्पर्धा आणि मैदानी खेळांचा दिवस.

बऱ्याच शाळांत 'केइओन्बु' म्हणजे पॉप-रॉक वाजवणाऱ्यांचा क्लबही असतो. महोत्सवाला व्यायामशाळेच्या स्टेजवर चार मुली किंवा चार मुलगे तीन गाणी वाजवतात, मागे कोणीतरी ॲम्प्लिफायरशी झटापट करत असतं. 'के-ऑन!' आणि २०२२ ची 'बोच्ची द रॉक!' या मालिकांनी हे जग आपल्याकडे पोचवलं. 'बोच्ची'तल्या चार मुलींची आडनावं एशियन कुंग-फू जनरेशन या बँडच्या चार सदस्यांवरून घेतलेली आहेत. आधी मालिका पाहिली असेल तर आता तो बँड ऐका.

४. मार्चमध्ये एवढी रडकी गाणी का येतात?

जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. निरोपाचा समारंभ मार्चमध्ये. चेरीची फुलंही साधारण याच दिवसांत उमलतात आणि आठवड्याभरात गळतात, त्यामुळे 'साकुरा' नावाच्या गाण्यांचा सुळसुळाट झाला आहे (प्रश्न १३).

पण या समारंभाचं आजचं सगळ्यांत लाडकं गाणं कोणत्याही स्टारचं नाही. ते आहे 'ताबिदाची नो हि नि'. १९९१ साली साइतामा प्रांतात, चिचिबुच्या कागेमोरी कनिष्ठ माध्यमिक शाळेत संगीत शिकवणाऱ्या हिरोमी ताकाहाशी यांना वाटलं, या वर्षीच्या मुलांना आपण काहीतरी स्वतःचं द्यावं. शब्द लिहा म्हणून त्यांनी मुख्याध्यापक नोबोरु कोजिमा यांना गळ घातली. मला असलं जमत नाही, असं सांगून सरांनी वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर कागद होता. चाल बाईंनी लावली, आणि मुलांच्या निरोपाच्या कार्यक्रमात शिक्षकांनीच उभं राहून ते गायलं. कोजिमा सर त्याच वर्षी निवृत्त झाले.

एकदाच गायचं म्हणून केलेलं हे गाणं शाळेशाळेत पसरलं. त्याआधी १८८४ पासून चालत आलेलं 'आओगेबा तोतोशी' म्हणायची पद्धत होती. त्यात मुलं गुरूंचे आभार मानतात. नव्यात शिक्षक मुलांना 'उडा आता' म्हणतात. माझ्या मते गाणं टिकलं ते या उलटापालटीमुळे.

५. 'सानगात्सु कोकोनोका' निरोपाचं गाणं आहे की लग्नाचं? दोन्ही वाचलंय.

दोन्ही बरोबर. नावाचा अर्थ नुसता '९ मार्च'. यामानाशी प्रांतातल्या रेमिओरोमेन या त्रिकुटाने ते एका मित्राच्या लग्नासाठी केलं, लग्न त्या तारखेला होतं. २००४ मध्ये ते सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून आलं. पुढच्या वर्षी एका लोकप्रिय दूरदर्शन मालिकेत शाळकरी मुलांनी ते समूहाने गायलं, आणि मार्चमधली तारीख असल्यामुळे शाळांनी ते उचललं ते कायमचंच.

शब्द नीट ऐकले तर त्यात शाळेचा उल्लेखच नाही. ऋतू बदलतायत, कोणीतरी शेजारी आहे, एवढंच. मुलांना तेवढं पुरतं.

६. शाळेच्या काचा फोडण्याचं गाणं खरंच आहे का, की ही अफवा?

खरं आहे. युताका ओझाकी, 'सोत्सुग्यो', जानेवारी १९८५. रात्री शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडत फिरणं त्यात आहे. त्याच्या १९८३ च्या पहिल्याच गाण्यात, '१५ नो योरु'मध्ये, पंधरा वर्षांचा मुलगा चोरलेल्या मोटरसायकलवरून पळतो.

याला संदर्भ आहे. १९८० च्या आसपास जपानी शाळांत मारामाऱ्या आणि तोडफोड हा राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला होता, आणि उपाय म्हणून शाळांनी नियम आणखी आवळले. केस किती, मोजे कोणते, सगळं ठरलेलं. ओझाकीने स्वतः उच्च माध्यमिक शाळा अर्ध्यावर सोडली होती. पहिला अल्बम आला तेव्हा त्याला अठरा पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. २६ व्या वर्षी, एप्रिल १९९२ मध्ये तो गेला.

आजच्या मुलांना तो कसा वाटतो? काहींना फार नाट्यमय. चोरलेल्या गाडीचा मालक बिचारा काय करत असेल, असंही एकाने मला विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. पण 'सोत्सुग्यो'चा शेवट ऐका: शाळा सुटली म्हणजे सुटका झाली का, आणि यापुढे आपल्याला कोण बांधून घालणार, हे तो विचारतो. काचांपेक्षा तो प्रश्न जड आहे.

७. 'लिंडा लिंडा' एवढं सोपं गाणं, मग त्याचं एवढं कौतुक का?

सोपं आहे म्हणूनच. १९८७ च्या मे महिन्यात द ब्लू हार्ट्सने ते आणलं. गायक हिरोतो कोमोतो, गिटारवर मासातोशी माशिमा. सुरुवात जवळजवळ अंगाईसारखी संथ: गटारातल्या उंदरासारखं सुंदर व्हायचंय, कारण फोटोत न दिसणारं सौंदर्य असतं. आणि मग एकदम ढोल-गिटारचा धबडगा, उड्या, आरडाओरडा. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला, आरशात बघायला नको वाटणाऱ्याला हे कोणी याआधी सांगितलं नव्हतं.

शब्द शाळकरी, वाद्यं मोजकी, कॉर्ड्स हाताच्या बोटांवर. त्यामुळे केइओन्बुतली मुलं महिन्याभरात वाजवू शकतात. २००५ मध्ये दिग्दर्शक नोबुहिरो यामाशिता यांनी यावर आख्खा सिनेमा काढला, ज्यात महोत्सवाला तीन दिवस उरले असताना चार मुली हेच गाणं बसवतात, आणि गायिका असते कोरियाहून आलेली विद्यार्थिनी. बँड १९९५ मध्ये थांबला. कोमोतो आणि माशिमा नंतरही दुसऱ्या बँडांतून एकत्रच वाजवत राहिले.

८. मला ही गाणी ॲनिमेमुळेच कळली. ती 'खरी' जपानी गाणी की मालिकेसाठी बनवलेली?

बहुतेक वेळा दोन्ही. मालिकेच्या सुरुवातीला आणि शेवटी वाजणारा तुकडा सुमारे ९० सेकंदांचा असतो, पण बँडचं पूर्ण गाणं चार-पाच मिनिटांचं असतं आणि ते स्वतंत्रपणे विकलं जातं. 'नारुतो'मुळे ओळखीचं झालेलं इकिमोनो-गाकारीचं 'ब्लू बर्ड' असंच. पूर्ण गाणं ऐकल्याशिवाय मत बनवू नका, दुसऱ्या कडव्यानंतर अनेकदा गाणं वळण घेतं.

काही गाणी आधीपासून होती आणि मालिकेने ती परत आणली. साप्पोरोच्या झोन या मुलींच्या बँडचं 'सीक्रेट बेस' ऑगस्ट २००१ चं. सुट्टी संपतेय, मैत्रीण गाव सोडून चाललीय, आणि दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये पुन्हा भेटायचं ठरतं. बरोबर दहा वर्षांनी, २०११ मध्ये, 'आनोहाना' या मालिकेने तेच गाणं शेवटी वापरलं, तेही मालिकेतल्या तीन नायिकांच्या आवाजात. विखुरलेला बँडही त्या ऑगस्टमध्ये पुन्हा एकत्र आला. मालिका घडते ती जागा चिचिबु, म्हणजे प्रश्न ४ मधलं तेच गाव.

सिनेमांचं म्हणाल तर माकोतो शिंकाई यांच्या चित्रपटांमुळे रॅडविम्प्स हा बँड आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी बसला. 'वेदरिंग विथ यू' २०१९ मध्ये भारतात प्रदर्शित झाला तो चाहत्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवल्यावर.

९. जपानी येत नाही. अर्थ वाचत ऐकू की आधी नुसतं ऐकू?

आधी नुसतं ऐका, पण रचना ओळखून. जपानी लोक गाण्याचे तीन भाग करतात: 'ए मेलो' (गोष्ट सांगणारा), 'बी मेलो' (ताण वाढवणारा) आणि 'साबी' (सगळे मिळून गातात तो). शेवटच्या साबीआधी अनेकदा वाद्यं थांबतात आणि एकटा आवाज उरतो. पोटात खड्डा पडतो तो तिथेच. दुसऱ्यांदा ऐकताना अर्थ हाताशी ठेवा.

गायचं असेल तर रोमन लिपीतले शब्द सोडा, देवनागरीत लिहून घ्या. जपानी अक्षरमालेचा क्रम मुळात संस्कृत वर्णमालेवरूनच गेला आहे, त्यामुळे ती आपल्या लिपीत छान बसते. मराठी माणसाला आणखी एक फायदा: जपानी 'त्सु' म्हणजे 'चूल'मधला 'चू'. हिंदीभाषक मित्र त्यावर अडखळतात, आपण नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र काटेकोर पाळा, एकेका मात्रेवर चाल बांधलेली असते.

१०. स्वतःलाच लिहिलेल्या पत्राचं गाणं कोणतं? आणि ते शाळेशाळेत कसं पोचलं?

अँजेला अकी यांचं 'तेगामी', २००८. पहिल्या भागात पंधरा वर्षांची मुलगी भविष्यातल्या स्वतःला लिहिते: कोणावर विश्वास ठेवू, कुठे जाऊ, कळत नाही. दुसऱ्या भागात मोठी झालेली तीच उत्तर देते. ते उत्तर 'सगळं ठीक होईल' असं गुळगुळीत नाही. मोठेपणीही जखमा होतात, झोप येत नाही, असं ती कबूल करते. गाण्याचा उगम खरा आहे. किशोरवयात स्वतःच्या तिशीला लिहिलेलं पत्र आईने त्यांना तिसाव्या वाढदिवसाला पाठवलं होतं.

शाळांत पोचण्याचं कारण म्हणजे एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची राष्ट्रीय शालेय संगीत स्पर्धा. १९३२ पासून चालू आहे. दरवर्षी प्रत्येक गटाला एक नेमलेलं गाणं सगळ्या शाळांना गावं लागतं. २००८ मध्ये कनिष्ठ माध्यमिक गटाला 'तेगामी' होतं, २००९ मध्ये इकिमोनो-गाकारीचं 'येल'. देशभरची चौदा-पंधरा वर्षांची मुलं एकच गाणं अनेक सुरांत महिनोन्महिने घोटतात. मग ते त्या पिढीचं होणारच.

११. ही गाणी लिहितात कोण? मुलं की मोठी माणसं?

सरसकट उत्तर नाही. ओझाकी स्वतःच लिहायचा. 'सीक्रेट बेस' झोनच्या मुलींनी गायलं, पण शब्द आणि चाल नोरिहिको माचिदा या मोठ्या माणसाची. होक्काइदोच्या व्हाइटबेरी या शाळकरी मुलींच्या बँडचं 'नात्सु मात्सुरी' (२०००) तर जिट्टरिन जिन या बँडने दहा वर्षं आधीच गायलेलं होतं. ओकिनावाच्या मोंगोल ८०० ने मात्र सगळं स्वतः केलं. २००१ चा त्यांचा 'मेसेज' हा अल्बम मोठ्या कंपनीशिवाय निघाला आणि २० लाखांहून जास्त खपला. 'चिइसाना कोइ नो उता' त्यातलंच.

मोठ्याने लिहिलं म्हणून गाणं खोटं ठरत नाही. पंधराव्या वर्षाला वरून सल्ला देणारं गाणं मुलं लगेच ओळखतात आणि टाकून देतात. जी राहतात ती त्या वयाला गंभीरपणे घेणारी.

१२. माझी मुलगी दिवसभर 'उस्सेएवा' ओरडते. शिवी आहे का? आणि काही गाणी मरणाबद्दल आहेत म्हणे. काळजी करू का?

शिवी नाही, पण उद्धट आहे: 'गप्प बसा, कटकट नको' या वळणाचं. गायिका आदो. ऑक्टोबर २०२० मध्ये गाणं आलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती, दुसऱ्याच दिवशी अठराची झाली. राग आहे तो नोकरदारांच्या शिष्टाचारांवर, बिअर कोणी ओतायची असल्या नियमांवर. लहान मुलं तोच सूर धरतात म्हणून जपानी पालकही वैतागले होते. आजी-आजोबांसमोर नको, एवढं सांगून सोडून द्या.

मरणाबद्दलचं खरं आहे. योआसोबीचं 'योरु नि काकेरु' ऐकायला नाचरं, पण ज्या कथेवर बेतलंय ती आत्महत्येच्या ओढीची. उलट मिका नाकाशिमा यांनी २०१३ मध्ये गायलेलं, आमाझाराशीच्या हिरोमु आकिता यांनी लिहिलेलं 'बोकु गा शिनो तो ओमोत्ता नो वा' नावावरूनच धडकी भरवतं, पण पोचतं जगण्याकडे. म्हणजे नाव किंवा चाल बघून ठरवू नका. काढून घेण्याऐवजी शेजारी बसून एकदा ऐका आणि 'यात तुला काय आवडतं?' एवढंच विचारा. झोप, जेवण, मित्र हेही बिघडलं असेल तर विषय गाण्याचा राहिलेला नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

१३. शोधलं की भलतंच गाणं येतं. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही, नावंच सारखी आहेत. 'सोत्सुग्यो' म्हणजे शाळा पूर्ण होणं. १९८५ च्या सुरुवातीलाच या नावाची गाणी ओझाकी, युकी साइतो आणि मोमोको किकुची अशा तिघांनी आणली. 'साकुरा'चं तर विचारूच नका: नाओतारो मोरियामा (२००३), केत्सुमेइशी आणि कोबुकुरो (दोन्ही २००५), इकिमोनो-गाकारी (२००६). गायकाचं नाव जोडल्याशिवाय शोधू नका, आणि जमलं तर जपानी लिपीतच टाका.

आयडॉल गटांच्या, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींच्या मोठ्या गटांच्या बाबतीत आणखी घोळ. एकेबी४८ सारख्या गटातून मुलगी बाहेर पडली की त्यालाही 'सोत्सुग्यो'च म्हणतात. त्या निमित्ताची गाणी शाळेची नसतात.

१४. स्पर्धाच झाल्या नाहीत त्या वर्षाचं गाणं आहे का?

आहे. २०२० मध्ये कोविडमुळे शालेय खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली, कोशिएन मैदानावरची शाळकरी मुलांची उन्हाळी बेसबॉल स्पर्धाही. गुन्मा प्रांत यजमानांपैकी एक होता, आणि बॅक नंबर हा बँड तिथलाच. तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांची पत्रं बँडकडे आली. उत्तर म्हणून त्यांनी 'सुइहेइसेन' केलं आणि त्या ऑगस्टमध्ये यूट्यूबवर ठेवलं. 'पुढच्या वेळी जिंकाल' असं ते कुठेही म्हणत नाहीत, कारण तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पुढची वेळच नव्हती.

१५. कॉलेजच्या गॅदरिंगला जपानी गाणं बसवायचंय. कोणतं घेऊ, आणि परवानगी लागते का?

बँड असेल तर 'चिइसाना कोइ नो उता'. तीन वाद्यांत उभं राहतं आणि साबी एकदा ऐकून प्रेक्षकही गुणगुणतात. नुसते आवाज असतील तर 'ताबिदाची नो हि नि', मात्र दोन-तीन सुरांचा सराव हवा. 'उस्सेएवा' घेऊ नका. आदोचा आवाज जिथून जिथे उडी मारतो तिथे भलेभले आपटतात.

परवानगीचं असं: विद्यार्थी-शिक्षकांनी संस्थेच्या उपक्रमात गायलं आणि समोर तेच लोक, पालक व संस्थेशी संबंधित मंडळी असतील, तर भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला मुभा आहे. तिकीट लावलं, प्रायोजक आणले, बाहेरच्यांना बोलावलं, तर ती मुभा गृहीत धरू नका. व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं हीदेखील वेगळी बाब. तिथे हक्कधारकाचा दावा येऊ शकतो, आवाज बंद होऊ शकतो किंवा जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे जाऊ शकतात. आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा ट्रॅक मागे लावून गाण्याऐवजी स्वतः वाजवा. ते कायद्यालाही सोयीचं, कानालाही.